नाव ओढणारी माणसे

चेन्नईच्या दक्षिणेस, अड्यार नदी ओलांडून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर शोळिंगनल्लूर लागते. त्याला गाव म्हणायचे ते केवळ जुन्या सवयीने. २०११ साली ते महानगरपालिकेच्या हद्दीत आले, आणि त्याच्याही आधी काही वर्षे भातखाचरे व सुरूची बने हटवून तेथे संगणक-उद्योगाच्या काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. 'नल्लूर' म्हणजे चांगले गाव. नावाच्या पूर्वार्धातील 'ळ' हा 'तमिळ' या शब्दाच्या अखेरीस येणारा खास वर्ण आहे. मराठीत त्याच्यासाठी वेगळे अक्षर नसल्याने आपण आपल्या नेहमीच्या 'ळ'वरच भागवून नेतो.

मुख्य चौकातून पूर्वेकडे, म्हणजे समुद्राच्या दिशेने वळले, की थोड्याच अंतरावर एक पूल लागतो. पुलाखाली रुंद, संथ आणि काळपट पाणी दिसते. काठ इतके सरळ आहेत की ही नदी नसावी, हे प्रथमदर्शनीच कळते. पुलावरून दिवसाकाठी हजारो माणसे जातात आणि त्यांत नोकरीनिमित्त तेथे राहणारे मराठी तरुणही पुष्कळ असतात. परंतु खालच्या पाण्याला शहराचे गटार यापलीकडे काही ओळख असेल, अशी शंका सहसा कोणाला येत नाही. हा बकिंगहॅम कालवा होय. आंध्रातील पेद्दगंजामपासून तमिळनाडूतील मरक्काणमपर्यंत, समुद्राला समांतर असा तो सुमारे ४२० किलोमीटर गेलेला आहे. त्यातले २५७ किलोमीटर आंध्रात आणि १६३ तमिळनाडूत येतात. शेतीला पाणी देण्यासाठी तो कधीच खोदला गेला नाही. त्याचे पाणी खारे, भरती-ओहोटीचे. तो खोदला गेला केवळ नावांसाठी.

कालवा म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पाटाचे पाणी, उसाचे मळे आणि पाळीपाळीने उघडणारी दारे येतात. कालव्यातून शिडाची नाव चालली आहे हे चित्र आपल्या अनुभवात बसत नाही, आणि त्याचे कारण आपल्या भूगोलातच आहे. कोकणचा किनारा खाड्यांनी चिरलेला. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांच्या मुखांतून गलबते आणि मचवे भरतीबरोबर थेट आत शिरत. महाड, गोवळकोट, संगमेश्वर ही समुद्रापासून दूर असलेली ठिकाणेही त्यामुळे बंदरे झाली. निसर्गानेच नावेला जमिनीत वाट करून दिली होती. कोरोमंडलच्या किनाऱ्याने मात्र अशी कृपा केलेली नाही. तो सरळ, सपाट आणि वाळूचा. नद्या समुद्राला मिळतात त्या जागी वाळूचे बांध साचतात आणि पाऊसकाळ सरला की मुखे बुजून जातात. त्यातून किनाऱ्यालगत लाटांची एकामागून एक अशी रांग अहोरात्र फुटत असते. १६३९ मध्ये इंग्रजांनी मद्रासला जागा मिळविली, तेव्हा बंदर नावाची गोष्ट तेथे नव्हती. आणि पुढची सव्वादोनशे वर्षे ती झालीही नाही. जहाजे किनाऱ्यापासून दूर नांगरून पडत आणि माणसे, पेट्या, घोडे, टपाल, सारे काही त्या लाटांच्या रांगेतून स्थानिक नावाड्यांच्या भरवशावर ये-जा करी.

या नावाड्यांच्या दोन नावा सांगण्यासारख्या आहेत. पहिली 'मसुला'. तिच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या असत. लोखंडाचा खिळा शोधून सापडत नसे. युरोपातून प्रथमच आलेल्या प्रवाशाला ही शिवलेली नाव पाहून धडकी भरे आणि त्याची ती धास्ती त्या काळच्या प्रवासवर्णनांत जागोजाग नोंदलेली आहे. परंतु खिळ्यांनी जखडलेली बोट ज्या लाटेने आपटून फुटे, त्याच लाटेखाली ही नाव किंचित दबे, वाके आणि पुन्हा आपला आकार घेई. जहाजबांधणीत अग्रेसर समजल्या जाणाऱ्या राष्ट्राचे सेनापती आणि गव्हर्नर या वाळूवर उतरत, ते अशा काथ्याने शिवलेल्या फळ्यांतून. दुसरी नाव त्याहून साधी. तिला नाव म्हणावे की नाही असाच प्रश्न पडावा. तीन-चार ओंडके दोराने एकत्र बांधायचे आणि त्यांवर गुडघे टेकून वल्हे मारायचे. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम्' म्हणजे झाड, लाकूड; म्हणून ती 'कट्टुमरम्'. इंग्रजांनी त्याचे 'कॅटमरॅन' केले. आज जगभरातील श्रीमंतांच्या दुहेरी तळाच्या शर्यतीच्या नौकांना हाच शब्द लावला जातो. मूळ कट्टुमरमवरचा माणूस डोक्यावरच्या टोपीत पत्रे कोरडी ठेवून, लाटा तोडत जहाजापर्यंत नेऊन देई. मसुला उलटली तर बुडणाऱ्याला वर काढण्याचे कामही त्याचेच असे. शब्द सातासमुद्रांपार गेला. तो ज्यांनी घडविला ती माणसे त्याच वाळूवर राहिली.

समुद्रातून किनाऱ्या-किनाऱ्याने माल नेणे वर्षातले काही महिने असे जिकिरीचेच होते. पण वाळूच्या टेकड्यांच्या आतल्या अंगाला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, खाऱ्या पाण्याची सरोवरे आणि दलदली उत्तर-दक्षिण ओळीने पसरलेल्या होत्या. उत्तरेला पुलिकत आणि एन्नोर, दक्षिणेला मुट्टुकाडू आणि केळंबाक्कमची खाजणे. ही पाणथळे एकमेकांना जोडली तर समुद्राच्या पाठीमागून एक निर्धोक जलमार्ग मिळेल, ही कल्पना अवघड नव्हती. बॅझिल कॉक्रेन या कंपनीच्या नोकराने आणि कंत्राटदाराने ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी उचलली. १८०६ च्या सुमारास मद्रासपासून एन्नोरपर्यंतचा कालवा तयार झाला. मिठागरांतले मीठ आणि चुलींसाठी लाकूडफाटा शहरात आणणे हा त्याचा मुख्य उद्योग. कॉक्रेन त्यावर पट्टी वसूल करी. १८३७ मध्ये सरकारने कालवा आपल्या ताब्यात घेतला. हा कॉक्रेन पुढे लंडनला परतला आणि तेथे त्याने वाफेच्या स्नानगृहाचा नाद धरला. त्याच्याकडेच नोकरीला राहून पाटण्याच्या दीन महंमदाने इंग्रजांना चंपी करण्याची कला दाखविली आणि 'शॅम्पू' हा शब्द तिकडे रूढ केला. कालव्याच्या कथेशी याचा संबंध नाही. परंतु मद्रासच्या मिठावर मिळविलेला पैसा कुठे कुठे जिरला, याचे हे एक गमतीचे उदाहरण आहे.

कालवा पुढे उत्तरेकडे वाढत गेला. दक्षिणेकडेही अड्यार नदीच्या पलीकडे, आजच्या शोळिंगनल्लूरच्या अंगाने, तो होता. पण खुद्द शहराच्या पोटात, कूम आणि अड्यार या दोन नद्यांच्या दरम्यान, सुमारे आठ किलोमीटरची तूट राहिली होती. उत्तरेची नाव दक्षिणेला जाऊ शकत नव्हती. ही तूट भरून निघाली १८७७-७८ मध्ये, आणि ती कशी भरली हाच या कालव्याच्या इतिहासातला खरा प्रसंग होय.

१८७६ साली दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात पाऊस पडला नाही. पुढच्या दोन वर्षांत देशभरात जे मेले त्यांचे अंदाज पंचावन्न लाखांपासून पुढे जातात. बंगाल आणि ब्रह्मदेशाकडून तांदूळ मद्रासला येत होता. बंदर अजून बांधून व्हायचे होते; तेव्हा त्या गोण्याही लाटांतून चालणाऱ्या नावांनीच किनाऱ्याला लावल्या. वाळूवर गोण्यांच्या राशी लागल्या, राशींवर पहारे बसले, आणि भाव मात्र आतल्या मुलखातल्या माणसाच्या हाताला लागणार नाही असाच राहिला. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालायचा नाही, हे तत्त्व त्या काळच्या राज्यकर्त्यांना धर्मवचनासारखे होते. १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लिटन याने दिल्लीला दरबार भरविला आणि व्हिक्टोरिया राणीच्या नव्या सम्राज्ञीपदाची द्वाही फिरविली. आपल्या सार्वजनिक काकांनी, गणेश वासुदेव जोशी यांनी, त्या दरबारात हातसुताच्या कपड्यांत हजेरी लावली होती, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. जरीच्या पोशाखांच्या गर्दीत तो जाडाभरडा कपडा काय सांगत होता, हे समजण्यासाठी त्या महिन्यात मद्रासला आणि सोलापूरला काय चालले होते, ते शेजारी ठेवून पाहावे लागते.

लिटनने त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल याला दुष्काळाच्या खर्चावर लक्ष ठेवण्यासाठी दक्षिणेत पाठविले. टेंपलने तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात मोकळ्या हाताने खर्च केला होता आणि त्याबद्दल त्याची निर्भर्त्सना झाली होती. तो डाग धुऊन काढण्याची संधी त्याला आता मिळाली. मजुरीचा दर त्याने खाली आणला: दिवसभर खोदाई करणाऱ्या धडधाकट पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. हीच ती 'टेंपल मजुरी'. घरापासून दहा मैलांच्या आत काम मागायचे नाही, असाही एक दंडक लावला गेला. जो खरोखर भुकेला असेल तो चालत येईल, हा त्यामागचा हिशेब. मद्रासचा आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश याने या मापाला उघड विरोध केला. दीड पौंडाखाली उतरलात तर काम करणारा माणूस हळूहळू मरतो, हे तो आकड्यांनिशी मांडीत राहिला. त्याच्या आणि टेंपलच्या वादाचे कागद आज वाचताना मनावर परिणाम होतो तो त्यांतल्या शांतपणाचा. माणूस किती कमी खाऊन किती घनफूट माती उचलू शकतो, या प्रश्नावर दोन सुशिक्षित अधिकारी सभ्य इंग्रजीत पत्रव्यवहार करीत होते. काही महिन्यांनी मद्रासला तो दर मागे घ्यावा लागला. तोवर एक उन्हाळा उलटला होता.

हा दर मुंबई इलाख्यातही लागू झाला होता, आणि तेथे एक वेगळीच गोष्ट घडली. कमी मजुरीवर दूरच्या कामावर जाण्यास नकार देऊन दख्खनमधल्या हजारो दुष्काळी मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. भुकेल्या माणसाने भाकरीच्या कामावर बहिष्कार घालावा, याचा अर्थ इंग्रज अधिकाऱ्यांना लावता आला नाही. काहींना तो आळस वाटला, काहींना कट. थोड्याच महिन्यांनी टेंपल हा मुंबईचाच गव्हर्नर होऊन आला. दौंड-मनमाड लोहमार्गाचा भराव आणि नीरेच्या डाव्या कालव्याचे आरंभीचे काम ही त्याच दुष्काळातली. बारामतीच्या बाजूला उसाला जे पाणी मिळते, त्याच्या पाटाची पहिली कुदळ मारणारे हात आणि मद्रासच्या कूमपासून अड्यारपर्यंत चिखल उपसणारे हात यांच्यात भाषेचे अंतर होते. पोटात पडणाऱ्या धान्याचे माप एकच होते.

मद्रासच्या कामासाठी तीस लाख रुपये खर्च झाले आणि साठ लाख मनुष्यदिवस लागले, असे आकडे सर्वत्र दिले जातात. साठ लाख दिवस म्हणजे किती माणसे, याचा उलगडा त्यातून होत नाही. कोण किती दिवस टिकले, कोण कुठल्या तालुक्यातून आले, कोण परत गेले, हे मनुष्यदिवसांच्या हिशेबात मावत नाही. त्या दुष्काळाची छायाचित्रे उपलब्ध आहेत. विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने ती काढली. ओळीने बसविलेली, बरगड्या मोजाव्यात अशी माणसे त्यांत दिसतात. एकाचेही नाव नाही.

कालव्याला मात्र नाव मिळाले. १८७८ मध्ये तो मद्रासचा गव्हर्नर, बकिंगहॅम आणि शँडोसचा तिसरा ड्यूक, याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. योगायोग असा की याचेही नाव रिचर्ड आणि त्याच्या लांबलचक आडनावातही एक 'टेंपल' होते. ड्यूकला दगडाच्या काळजाचा म्हणणे न्यायाचे होणार नाही. टेंपलच्या काटकसरीवर तो नाखूष होता. ऑगस्ट १८७७ मध्ये लिटनचा रोष पत्करून त्याने इंग्लंडच्या जनतेकडे मदतीची याचना केली आणि तिला भरघोस प्रतिसादही मिळाला. एवढे त्याच्या पदरी घालूनही एक गोष्ट उरतेच. आपल्या भाषेत 'नाव' या एकाच शब्दाने तरणारी वस्तू आणि हाक मारण्याची खूण अशा दोहोंचा बोध होतो. या कालव्यावर ज्यांनी पहिलीसाठी वाट खणली, त्यांच्या वाट्याला दुसरी आली नाही.

कालवा जोडला गेला आणि नावा सुरू झाल्या. त्या सपाट तळाच्या, लांबट आणि फारशा खोल नसलेल्या असत. पाणी कमी असले तरी रुतू नयेत म्हणून. वारा मागचा असेल तेव्हा शीड चढवीत. तो पडला, की एक जण नावेच्या कडेने लांब बांबू तळाशी रोवून रेटा देई आणि दुसरा खांद्याला दोर लावून काठावरच्या पायवाटेने ती ओढीत चाले. कालवा नदीला छेदून जातो त्या ठिकाणी दोन दारांचे जलपाश बांधलेले होते: नाव आत घ्यायची, मागचे दार लावायचे, पाणी पुढच्या पातळीला येऊ द्यायचे, मग पुढचे दार उघडायचे. तोवर नावाडी काठावर बसून जेवून घेत. माल बहुधा तोच: पुलिकतच्या सरोवरातले शिंपले, ज्यांच्या चुन्याने मद्रासच्या भिंतींना संगमरवरासारखी झिलई येई, एन्नोरचे आणि केळंबाक्कमचे मीठ, आंध्रातले धान्य, आणि सुरूचा लाकूडफाटा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मद्रासच्या असंख्य चुली या कालव्याच्या भरवशावर पेटत होत्या असे म्हणावयास हरकत नाही. शहर ज्यांच्या खांद्यावर जेवत होते ते खांदे दोराने सोललेले होते, आणि त्यांची नोंद कुठल्या दप्तरात झालीच असेल तर ती टनांत झाली.

मालाखेरीज या पाण्यावरून प्रवासीही जात. महाबलीपुरमची लेणी आणि किनाऱ्यावरचे मंदिर पाहण्याचा सोयीचा रस्ता बराच काळ हाच होता. संध्याकाळी नावेत बसायचे, नावेतच झोपायचे आणि उजाडता उजाडता पल्लवांच्या नगरीत उतरायचे. इंग्रजांच्या प्रवासपुस्तकांतही या मार्गाची शिफारस सापडते. नावाड्यांची ती रात्र कशी जात असे, याबद्दल ही पुस्तके सहसा काही बोलत नाहीत.

बोलला तो एक तमिळ कवी. पुदुच्चेरीचे शाळामास्तर कनक सुब्बुरत्नम् हे सुब्रह्मण्य भारतींचे शिष्य; 'भारतीदासन्' हे त्यांनी घेतलेले नाव. १९६९ चा साहित्य अकादेमी पुरस्कार त्यांच्या 'पिसिरान्दैयार' या नाटकाला मरणोत्तर मिळाला. १९३४ साली ते स्वाभिमान चळवळीतील मित्रांसमवेत या कालव्यातून महाबलीपुरमला गेले आणि 'मावलिपुरच्चेलवु', म्हणजे 'मावलिपुरमचा प्रवास', ही कविता त्या सहलीतून आली. सहल आनंदाची आहे. उन्हाचे सोने आहे, दोन्ही काठांचा मोकळा विस्तार आहे, मित्रांच्या गप्पा आहेत. परंतु निसर्गशोभेच्या त्याच चित्रात नाव चालविणाऱ्यांचे श्रमही आलेले आहेत, आणि ते केवळ देखाव्याचा भाग म्हणून नव्हेत. सुखाने पाण्यावर चाललेला प्रवासी आणि त्याला ओढून नेणारा मजूर ही दोन माणसे एका दोराच्या दोन टोकांना आहेत, याची जाणीव कवीला झाली. स्वतःच्या सुखावर अशी शंका घेणे कवितेला नेहमीच जमते असे नाही. आपल्याकडे कोळ्यांच्या होड्यांवर, वादळावर, दर्यावर गाणी पुष्कळ झाली. डोलणाऱ्या होडीत बसणाऱ्याने वल्हे मारणाऱ्याच्या खांद्याकडे पाहिल्याची उदाहरणे त्या मानाने थोडी आहेत. भारतीदासन् यांची नाव शोळिंगनल्लूरवरून गेली असली पाहिजे. दुसरा जलमार्गच नव्हता. आज जेथे पूल आहे त्याच्या आसपास, काठच्या चिखलातून, दोर खांद्यावर घेतलेला एक मनुष्य दक्षिणेकडे चालत गेला असेल.

नावा कशा बंद पडल्या हे थोडक्यात सांगता येते. किनाऱ्याला समांतर लोहमार्ग आणि मोटाररस्ते आले. मालमोटारीला ना वाऱ्याची वाट पाहावी लागे ना जलपाशाची. गाळ काढण्याचे काम मागे पडत गेले. १९६५-६६ आणि १९७६ च्या चक्रीवादळांनी बांध फोडले, पात्र वाळूने भरले, आणि ते पूर्ववत करण्याची निकड कोणाला वाटली नाही. शहराने मग कालव्याचा उपयोग मैलापाणी सोडण्यासाठी केला. कळस झाला तो उन्नत लोहमार्गाने. चेपॉकपासून तिरुमयिलै स्थानकापर्यंत, म्हणजे आपल्या मैलापूरपर्यंत, त्याचे खांब कालव्याच्या पात्रात उभे करण्यात आले. १९९७ मध्ये गाड्या तिथवर धावू लागल्या. नवी जागा संपादण्यापेक्षा सरकारी मालकीचे पात्र स्वस्त पडले, हे व्यवहाराच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. परंतु कूम आणि अड्यार यांच्यामधला हाच तो तुकडा, जो १८७७-७८ मध्ये एक पौंड धान्यावर जगू पाहणाऱ्यांच्या हातांनी खणला गेला. दुष्काळाने जोडलेला जलमार्ग विकासाने त्याच जागी तोडला. वरून जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून खाली पाहिले तर खांबांच्या पायथ्याशी साचलेला कचरा आणि जलपर्णी दिसते.

२००८ साली केंद्र सरकारने काकीनाड्यापासून पुदुच्चेरीपर्यंतच्या कालव्यांना, गोदावरी-कृष्णेच्या काही भागांसह, राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक चार असा दर्जा दिला. कागदावर जलमार्ग आणि पात्रात खांब, अशी मद्रासपुरती स्थिती आहे. याउलट, कोणी योजले नव्हते असे एक काम कालव्याने २६ डिसेंबर २००४ रोजी करून दाखविले. त्सुनामीची लाट किनारा ओलांडून आत आली, तेव्हा पेद्दगंजामपासून चेन्नईपर्यंतच्या पट्ट्यात तिचे पुष्कळसे पाणी या जुन्या पात्राने पोटात घेतले. दहा-पंधरा मिनिटांत ते ओसरलेही. कालव्याच्या आतल्या बाजूची अनेक माणसे त्यामुळे वाचली. समुद्राच्या बाजूला वाळूवर राहणाऱ्या कोळ्यांना हा आडोसा नव्हता. त्यांची कट्टुमरमे ओंडके सुटून विखुरली. नंतर मदत म्हणून आल्या त्या बव्हंशी फायबरच्या नावा, आणि कट्टु-मरम्, बांधलेले लाकूड, या किनाऱ्यावरून पुष्कळसे नाहीसे झाले.

शोळिंगनल्लूरजवळ मात्र कालव्याला अजून काम आहे, आणि तेही नावांचे नाही. पश्चिमेकडच्या पळ्ळिक्करणै दलदलीचे पाणी ओक्कियम मडुवू नावाच्या ओहोळातून याच कालव्यात येते आणि दक्षिणेकडे वाहत जाऊन कोवळमजवळ समुद्राला मिळते. डिसेंबर २०१५ च्या महापुरात ही वाट अपुरी पडली आणि दलदलीवर उभ्या राहिलेल्या वसाहती जलमय झाल्या. ज्या रस्त्यांवर काल मोटारी होत्या, तेथे कोळ्यांच्या नावा आल्या. समुद्रावरच्या नावा ट्रकमध्ये घालून शहरात आणल्या गेल्या आणि त्यांतून माणसे बाहेर काढली गेली. त्या नावा ओढताना, ढकलताना कोळी कमरेएवढ्या पाण्यातून चालत होते.

पुलावरून दक्षिणेकडे निघाले की दहा-बारा किलोमीटरवर मुट्टुकाडू येते. कालवा तेथे खाजणात मोकळा होतो. राज्याच्या पर्यटन महामंडळाने १९८४ मध्ये तेथे नौकाविहाराची सोय केली. रविवारी शोळिंगनल्लूरच्या कचेऱ्यांतली तरुण मंडळी येतात, पायाने चालवायच्या रंगीत होड्या घेतात, एकमेकांची छायाचित्रे काढतात. त्यांना ओढून नेणारा कोणी लागत नाही. खाजणाच्या दुसऱ्या अंगाला, पाणी छातीपर्यंत येते अशा जागी, इरुळ जमातीची माणसे उभी असतात. त्यांच्यापाशी नाव नसते, बहुधा जाळेही नसते. मान पाण्यावर ठेवून ती दोन्ही हातांनी तळचा चिखल चाचपत पुढे सरकतात, आणि हाताला लागलेली कोळंबी गळ्यातल्या किंवा तोंडात धरलेल्या टोपलीत टाकतात. भरती चढू लागली की ती काठाकडे येतात, ओहोटी लागली की पुन्हा उतरतात.